मुंबई ते न्यूयॉर्क खरंच किती लांब? ग्रेट सर्कल मॅपर वापरून बघा

घरात कोणी पहिल्यांदा अमेरिकेला निघालं की दोन प्रश्न येतातच, किती लांब आहे आणि किती तास लागतात. आमच्याकडे आई-बाबा ताईकडे न्यू जर्सीला निघाले तेव्हा दोघांनी हेच विचारलं, आणि आईचे गुडघे दुखतात म्हणून तासांचा आकडा आम्हाला खरोखर नीट हवा होता, ती एका जागी किती वेळ बसणार, मधे उतरायला मिळणार का, औषधांच्या वेळा कशा लावायच्या, सगळं त्यावरच होतं. नेटवर अंतर सांगणाऱ्या साइट ढिगाने आहेत, दोन शहरांची नावं टाकली की किलोमीटर आणि तास समोर. पण एका साइटवर चौदा तास, दुसरीवर सोळा तास, आणि तिकिटावर भलतंच काहीतरी. त्यात ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट सापडली, पत्ता जीसीमॅप डॉट कॉम, आणि तेव्हापासून कोणाचंही तिकीट काढायचं असलं तर मी आधी तिथे जातो. हा रिव्ह्यू तिचाच आहे पण सोबत हेही लिहितोय की अंतरावरून तास कसे काढायचे, कारण नुसता आकडा बघून उपयोग नाही.

आधी साइटबद्दल. जुनी आहे, १९९० च्या दशकातली, आणि दिसतेही तशीच. झगमगाट नाही, लॉगिन नाही, पैसे नाहीत. वर एक चौकोन आहे, त्यात विमानतळांचे तीन अक्षरी कोड मधे आडवी रेघ देऊन टाकायचे, म्हणजे मुंबईचा बीओएम, मग रेघ, मग जेएफके. एंटर मारलं की नकाशा येतो, त्यावर लाल रेघ, आणि खाली अंतर. बस्स एवढंच. कोड माहीत नसेल तर शहराच्या नावाने शोधता येतो. पुणे पीएनक्यू, नागपूर एनएजी, गोव्यात दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स, नवी मुंबईचा नवा विमानतळ एनएमआय. न्यूयॉर्कसाठी जेएफके आणि नेवार्कचा ईडब्ल्यूआर दोन्ही बघा कारण ताई-दादा न्यू जर्सीत असतील तर नेवार्क कधीकधी घराला जास्त जवळ पडतं, हवेतल्या अंतरात दोघांत फारसा फरक नाही.

अंतर सुरुवातीला मैलांत दिसतं, हे लक्षात ठेवा नाहीतर गोंधळ होतो. मुंबई–जेएफके सुमारे ७,७९० मैल, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटरच्या जरा वर. वैमानिक लोक नॉटिकल मैल वापरतात, तो १.८५२ किमीचा, त्यामुळे तिथे तोच आकडा ६,७७० च्या आसपास येतो. एकच प्रवास आणि तीन आकडे, त्यामुळे कोणी सांगितलं की सात हजार आणि कोणी सांगितलं बारा हजार तर दोघंही बरोबर असू शकतात. युनिट बदलायची सोय साइटवर आहे, किमी निवडा आणि मोकळे व्हा.

आता मला ही साइट का आवडली ते सांगतो. नकाशावरची रेघ बघा. आपण शाळेच्या भिंतीवरचा नकाशा डोक्यात ठेवून धरून चालतो की मुंबईतून निघालं की अरबस्तान, मग आफ्रिकेचा वरचा भाग, मग अटलांटिक आणि न्यूयॉर्क. तशी सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या सरळ रेघेने गेलात तर अंतर होतं साधारण १४,२०० किमी. आणि साइट जी वाकडी दिसणारी रेघ काढते ती साडेबारा हजारांची. दीड हजाराहून जास्त किलोमीटर वाचतात! कारण पृथ्वी गोल आहे आणि गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता, ज्याला ग्रेट सर्कल म्हणतात, सपाट कागदावर वाकडा दिसतो. घरात पृथ्वीगोल असेल तर मुलांना दोरा ताणून दाखवा, लगेच कळतं.

ती रेघ कुठून जाते ते मी सावकाश बोट फिरवत बघितलंय. मुंबईतून वायव्येला, कच्छच्या बाजूने सिंध, मग बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, पुढे रशियात साराटोव्हच्या आसपास, मग सेंट पीटर्सबर्गच्या थोडं खालून फिनलंडचा दक्षिण भाग, नॉर्वेत ट्रॉन्डहाइम, तिथून समुद्रावर आणि थेट आइसलँड. रेक्याविकच्या अगदी जवळून जाते रेघ! सगळ्यात वरचं टोक जवळजवळ ६५ अंश उत्तर. मग ग्रीनलँडच्या खालच्या टोकाला घासून लॅब्राडोर, क्विबेक आणि उत्तरेकडून न्यूयॉर्कमध्ये उतरायचं. मुंबईची दमट हवा सोडून माणूस आइसलँडच्या डोक्यावरून न्यूयॉर्कला पोचतो हे मला अजूनही भारी वाटतं, आणि बाबांना ते दाखवलं तर ते अर्धा तास मोबाईल परत द्यायला तयार नव्हते.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, ही रेघ म्हणजे विमानाचा रस्ता नाही. ती फक्त कमीत कमी अंतर सांगते. वर दिलेल्या यादीत पाकिस्तान आहे, अफगाणिस्तान आहे, रशिया आहे, आणि या तिन्ही ठिकाणी गेल्या काही वर्षांत आकाशात अडचणी झाल्यात. २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती. ऑगस्ट २०२१ पासून बऱ्याच कंपन्या अफगाणिस्तानावरून जायचं टाळू लागल्या. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियाने युरोप, ब्रिटन, कॅनडाच्या कंपन्यांना बंदी केली, अमेरिकेच्या कंपन्यांनाही तो रस्ता बंद झाला, आणि युनायटेड या अमेरिकन कंपनीने त्या मार्चमध्ये मुंबई–नेवार्क आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को ही उड्डाणं थांबवली. भारतीय कंपन्यांना रशिया मोकळा राहिला. मग २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, भारतानेही त्यांच्या विमानांना बंद केली, आणि ती मुदत महिन्यामागून महिने वाढत गेली. १३ जून २०२५ ला इराणची हद्द अचानक बंद झाली तेव्हा तर हवेत असलेली विमानं परत फिरवावी किंवा दुसरीकडे उतरवावी लागली.

म्हणून या साइटवर मी एक गोष्ट नेहमी करतो, ती तुम्हीही करून बघा. दोनच कोड टाकायचे असा काही नियम नाही, मधे तिसरा, चौथा टाकता येतो. पाकिस्तान टाळून विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे जाईल असं धरलं तर मधे मस्कतचा एमसीटी टाका, बीओएम-एमसीटी-जेएफके. विमान मस्कतला उतरणार नाहीये, आपण फक्त वळण दाखवतोय. उत्तर येतं सुमारे १२,९०० किमी. म्हणजे मुंबईकरांचं नुकसान फक्त तीन-चारशे किलोमीटर, अर्धा तासही नाही. आता हेच दिल्लीसाठी करा. दिल्ली–जेएफके थेट अंतर पावणेबारा हजारांच्या आसपास, मुंबईपेक्षा जवळजवळ आठशे किमी कमी, त्यामुळे वर्षानुवर्षं सगळे सांगतात की दिल्लीवरून जा, जवळ पडतं. पण दिल्लीला मस्कतचं वळण घातलं की आकडा १३,३०० च्या आसपास जातो, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त कारण दिल्ली–मस्कत सरळ रेघसुद्धा सिंधवरून जाते, ती टाळायला आधी गुजरातकडे खाली यावं लागतं. म्हणजे हद्द बंद असताना मुंबईच जवळ! पुण्या-नाशिकच्या माणसाने तेव्हा उगाच दिल्लीपर्यंत उलटं जायची काहीच गरज नाही. ही गोष्ट मला कुठल्याही तिकीट साइटने सांगितली नाही, या जुन्या साध्या साइटवर दोन मिनिटांत कळली.

आणखी वाईट परिस्थिती धरायची, म्हणजे इराणही बंद, तर रियाध आणि कैरो मधे टाका, साधारण १३,४०० किमी होतात. थेट अंतरापेक्षा साडेआठशे-नऊशे किमी जास्त, म्हणजे साधारण तासभर. बातम्या बघून घाबरणाऱ्या आईला मी हेच दाखवलं, की रस्ता वाकडा झाला तरी तासाभराचाच फरक आहे, ती निवांत झाली.

आता तासांकडे येतो, आणि इथे मात्र या साइटवर आणि बाकी सगळ्या साइटवर जपून राहा. किलोमीटरचा आकडा खरा असतो, तासांचा आकडा धरून चाललेला असतो. बऱ्याच साइट काय करतात, एक ठरावीक वेग घेतात, अंतराला भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतात. कोणी ताशी ८०० किमी घेतं कोणी ९००. साडेबारा हजार भागिले ८०० केलं तर पंधरा तास चाळीस मिनिटं येतात, भागिले ९०० केलं तर चौदा तासांना थोडे कमी. एवढ्या एका गोष्टीने पावणेदोन तासांचा फरक पडतो आणि कुठला वेग धरलाय हे बहुतेक ठिकाणी बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. ग्रेट सर्कल मॅपर निदान प्रामाणिक आहे, तो आपणहून तास ठोकून देत नाही, वेग तुम्ही टाकायचा आणि मग तो भागाकार करतो.

दुसरी गोष्ट, जायचे तास आणि यायचे तास सारखे नसतात, आणि त्या साइट दोन्हीकडे एकच आकडा दाखवतात. वर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, हिवाळ्यात तर फारच जोरात. अमेरिकेला जाताना तो समोरून लागतो, परत येताना पाठीवर. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी त्याला सहा-सात तास लागतात.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर याहून छान आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अटलांटिककडून तो रस्ता १३,९०० किमी, पॅसिफिककडून १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किमी जास्त, आणि तरीही वारा पाठीवर मिळाल्यामुळे साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा दोनेक तास आधी. जास्त लांबचा रस्ता आणि कमी वेळ! हे एकदा समजलं की नुसतं अंतर बघून तास सांगणाऱ्या कुठल्याही साइटवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

माझा साधा ठोकताळा असा आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना वळणासकट अंतर घ्या, म्हणजे तेरा हजारांच्या जवळपास, वेग ताशी ८२५ धरा आणि अर्धा तास मिळवा, सव्वासोळा तासांच्या आसपास येतं. परत येताना ९४० धरा, सव्वाचौदा येतं. टाइमटेबलमधल्या वेळा याच्या जवळपासच असतात, पण तिकिटावरची वेळ म्हणजे गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत, त्यात रनवेवर रांगेत उभं राहणं पण धरलेलं असतं, जेएफकेला ती रांग चांगली मोठी असू शकते. शेवटची खात्री करायला फ्लाइटरडार२४ वर तो फ्लाइट नंबर टाका, मागच्या आठवड्याभरात विमान रोज खरंच किती तासांत पोचलं ते दिसतं आणि नकाशावर खरा रस्ताही दिसतो. ग्रेट सर्कल मॅपरवर कमीत कमी किती आणि फ्लाइटरडारवर प्रत्यक्षात किती, दोन्ही शेजारी शेजारी बघायचे.

तिकिटावरच्या वेळेची वजाबाकी करताना घरोघरी गडबड होते म्हणून तेही लिहितो. समजा विमान मुंबईतून रात्री दीड वाजता निघतं आणि न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी पावणेआठला उतरतं. बघणाऱ्याला वाटतं सव्वासहा तास. त्यात उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवायचे, मग पावणेसोळा तास होतात. हिवाळ्यात साडेदहा मिळवायचे, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. दिवाळीच्या आसपास जाणाऱ्यांनी हे जरूर बघावं, कारण त्याच दिवसांत घड्याळ बदलतं आणि ताईने आणायला येण्याची वेळ तासाने चुकू शकते.

आता थेट विमान घ्यायचं की मधे थांबणारं. इथेही ही साइट फार कामाची आहे. लोकांना वाटतं की दुबई किंवा लंडनवरून गेलं म्हणजे फार मोठा वळसा. टाकून बघा. बीओएम-एलएचआर-जेएफके, मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०, बेरीज १२,७५० च्या आसपास. थेट अंतरापेक्षा फक्त दोनशे किमी जास्त, कारण एवढ्या लांबच्या प्रवासात रेघ सोडून बाजूला गेलं तरी बेरीज फार वाढत नाही. दुबईवरून १२,९५०. फ्रँकफर्टही जवळजवळ लंडनसारखंच. उलट कोणी सिंगापूरवरून स्वस्त तिकीट दाखवलं तर बीओएम-एसआयएन-जेएफके टाका, एकोणीस हजारांच्या वर जातं, कारण सिंगापूर–जेएफके हेच एकटं १५,३४९ किमी आहे, जगातलं सगळ्यात लांबचं थेट उड्डाण, अठरा तासांहून जास्त. पैसे कितीही वाचले तरी म्हाताऱ्या माणसांना त्या वाटेने पाठवू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे दुबई-लंडनच्या प्रवासात वेळ विमानात जात नाही, विमानतळावर जातो. एकूण वेळ वीस-बावीस तास दिसतो त्यात हवेतले सोळा-सतराच, बाकी थांबणं. गुडघेदुखीवाल्यांना तो थांबा चांगला की वाईट हे माणसावर आहे, आईला मधे उतरून पाय मोकळे करणं बरं वाटतं, बाबांना एकदाच बसून एकदाच उठायचं असतं. त्यामुळे आम्ही किलोमीटर सोडून दिले आणि हाच एक प्रश्न ठरवला.

साइटच्या तक्रारी पण आहेत. मोबाईलवर अक्षरं बारीक येतात, नकाशा बोटाने मोठा करायला गेलं की पान हलतं. लॅपटॉपवरच वापरा. कोड लक्षात ठेवायला लागतात आणि सगळं इंग्रजीत, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना एकट्याने जमत नाही, शेजारी बसून दाखवावं लागतं. बंद हवाई हद्द नकाशावर रंगवून दाखवण्याची सोय असती तर आम्हा भारतातल्या लोकांना फार उपयोग झाला असता, आत्ता ते मधले कोड टाकून आपणच करायचं. बाकी दोन जोड्या स्वल्पविराम देऊन एकत्र टाकता येतात, म्हणजे मुंबई–जेएफके आणि दिल्ली–जेएफके एकाच नकाशावर, तुलना करायला ते मस्त आहे. एखाद्या विमानतळाभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ पण काढता येतं, मी मुंबईभोवती तेरा हजार किमीचं काढून बघितलं, भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जास्त कळलं. फुकट गोष्टीकडून याहून जास्त काय मागायचं, पाचपैकी साडेचार.

आणि हे सगळं विमानतळ ते विमानतळ झालं. पुण्याहून निघणाऱ्याने घरातून निघाल्यापासून धरा, एक्सप्रेसवेवर घाटात गाडी अडकायची शक्यता धरून पाच तास, विमानाच्या तीन-चार तास आधी पोचणं, आणि तिकडे इमिग्रेशनची रांग, ती कधी अर्धा तास तर कधी दोन तास. सातारा-सांगली-कोल्हापूरवाल्यांनी अजून जास्त. घराच्या दारापासून ताईच्या दारापर्यंत मी आईला सव्वीस-सत्तावीस तास सांगितले होते आणि औषधांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून त्याप्रमाणेच करून घेतलं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, आणि मधे थांबणारं विमान असेल तर दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ असलेलं तिकीट घेऊ नका, व्हीलचेअर यायलाच कधीकधी अर्धा-पाऊण तास लागतो.